वरच्या ओळीतलं कुंकू

आमच्या घरात भांडायचं झालं तरी समोर जाऊन भांडावं लागे. पाठमोऱ्या आईवर ओरडून काही उपयोग नव्हता, तिला ऐकूच यायचं नाही. आधी तिच्या खांद्याला हात लावायचा, ती वळली की तिच्या डोळ्यांसमोर तोंड न्यायचं आणि मग काय राग असेल तो सावकाश, ओठ नीट हलवत काढायचा. आता सांगा, असा राग कितीसा टिकणार? निम्म्या वेळा वळलेल्या आईचा चेहरा बघूनच, काय म्हणायचं होतं ते मी विसरून जायचे. एकदा मात्र विसरले नाही. त्या एका सकाळबद्दल लिहायचं इतकी वर्षं टाळत आले. आज बसलेच आहे तर लिहून टाकते.

आम्ही शहागंजात राहायचो, शकीलाचाचीच्या मिरची कांडपाच्या वरच्या दोन खोल्यांत. खाली लोखंडी उखळांत लोखंडी मुसळं सकाळी नऊला पडायला लागायची ती दिवेलागणीपर्यंत. धाड् धाड् धाड्. आमच्या मांडणीवरचे पेले दिवसभर आपापसांत किणकिणायचे, आणि मिरचीचा खाट जिन्यानं वर येऊन घरभर बसायचा. पाहुणे आले की पहिली पाच मिनिटं नुसती शिंकायची, मग रामराम. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. उलट येसर, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्यांचं पीठ, कांडायच्या दिवसांत आई कागदाच्या पुडीत कोमट येसर घेऊन वर यायची, त्याची आमटी चुलीवर रटरटायला लागली की मी अभ्यास टाकून ताट घेऊन बसायचे. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, वरून कच्चा कांदा. आजही मुंबईत कुठं तो वास आला तर माझे पाय थबकतात.

आई त्या कांडपात कामाला होती. देवगाव रंगारीहून लग्न होऊन आली त्याच वर्षी तिथं लागली आणि तिथंच तिचे कान गेले. एकदम नाही गेले. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. आधी तिला कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनाशा झाल्या. वरण रोज करपायला लागलं आणि अण्णा म्हणायचे, "ध्यान कुठं असतं गं तुझं?" मग दाराची कडी. मग मी. पुढं हेच शास्त्र शिकले तेव्हा पुस्तकात वाचलं, की अशा धडधडाटात बारीक, चिरके आवाज पहिल्यांदा जातात. वाचता वाचता मला ती करपलेली वरणं आठवली आणि वर्गात रडू आलं. शेजारची मुलगी विचारतेय काय झालं, आणि मी सांगतेय, कुकर.

कांडपात बोलणं असं नव्हतंच. दाराशी खिळ्याला एक पाटी टांगलेली असायची, लाकडी चौकटीची, दोऱ्याला खडू बांधलेला. गिऱ्हाईक यायचं, पाटीवर लिहायचं, लवंगी दोन किलो, धने एक, जाड की बारीक, आणि आईसमोर धरायचं. आई मान हलवायची, पदरानं पाटी पुसायची, परत टांगायची. ज्याला लिहिता येत नसे तो चित्र काढायचा. नवं माणूस घसा फोडून ओरडत बसलं की आई रागवायची नाही, हसायचीही नाही, सरळ त्याच्या हातात पाटी द्यायची. सातवीपर्यंत शिकलेली माझी आई त्या पाटीवर सगळ्या शहागंजाचं अक्षर ओळखत होती.

बारावी झाली आणि माझ्या डोक्यात एकच खूळ शिरलं. मुंबईत एक संस्था आहे, तिथं कानाचं आणि बोलण्याचं शिक्षण मिळतं, हॉस्टेलही मिळतं, हे मला कॉलेजच्या फलकावर कळलं. लेखी परीक्षा दिली, पहिल्या यादीत नाव आलं नाही, दुसरीतही नाही. दसरा तोंडावर आला तेव्हा कळवलं की एक जागा सुटली आहे, तिच्यासाठी तिघांची मुलाखत घेणार, लांबच्यांनी कॉम्प्युटरवरच समोर बसावं. अण्णा वाळूजच्या एका कंपनीत फिटर होते. त्यांनी ऑफिसातल्या एका साहेबाचा जुना लॅपटॉप विकत आणला, नेटचं डोंगल आणलं, आणि टेबलावर ठेवत मला बजावलं, "ज्योते, हे झालं तर झालं. नाय झालं तर मामानं क्रांती चौकात मोबाइलच्या दुकानात शब्द टाकलाय. काउंटरला उभं ऱ्हायचं. मंग पुन्हा मुंबई मुंबई करायचं नाय." मी म्हटलं, व्हय. दुसरं काय म्हणणार?

मुलाखत होती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला. माझी तयारी कडेकोट होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मैत्रिणीला तिच्या भावाच्या कॉम्प्युटरवर बसवून मी अर्धा तास बोलून बघितलं होतं. चेहरा दिसतो, आवाज जातो, सगळं फस्क्लास. लॅपटॉपला मी चार्जिंगला लावलं, वीज गेली तर अडचण नको म्हणून चालूच ठेवलं आणि निर्धास्त झाले.

दसऱ्याला आमच्याकडं पाटावर घरातली सगळी हत्यारं मांडायची. अण्णांचे पाने आणि पकडी, आईची विळी, कोयता, माझी पुस्तकं. खाली कांडपातल्या मुसळांनाही आईच हळदकुंकू लावायची. चाची स्वतः तिला हाक मारायला वर यायची. "आओ, तुम्हारी मशीन की पूजा कर लो, फिर मैं मिठाई बाँटती," असं हातवारे करून सांगायची आणि मशिनींना त्या दिवशी सुट्टी द्यायची. त्या वर्षी पाटावर लॅपटॉप आला. तो मधोमध. आईनं तो उघडला आणि बराच वेळ बघत बसली. खालच्या अक्षरांना ती बोट लावीना, ती विद्या, तिच्यावर कुंकू सांडायचं नाही असं तिचं म्हणणं. मग तिला सगळ्यात वरची ओळ सापडली. तिथं बटणांवर चित्रं होती. एकावर सूर्य, एकावर कर्णा, एकावर छोटा चौकोन आणि बोट. "हितं देव हायेत बघ," ती मला म्हणाली, "हा सूर्यनारायण." आणि त्या ओळीतल्या एकेका बटणावर तिनं हळद लावली, ओलं कुंकू लावलं, वर आपट्याचं पान ठेवलं. मी हसले. अण्णाही हसले. पुरणपोळ्या खाल्ल्या, सोनं वाटलं, झोपलो.

दुसऱ्या दिवशी अण्णा पहाटेच पहिल्या पाळीला गेले. मी नवा पंजाबी ड्रेस घातला, केस दोनदा विंचरले, भिंतीवर मागं नीट दिसावं म्हणून कॅलेंडर काढून ठेवलं आणि अकराला दहा कमी असताना लॅपटॉपसमोर बसले. पडदा काळोखा. डोळे फाडून बघितलं तेव्हा आत काहीतरी अंधुक दिसलं. बोटानं बाण हलवायला गेले तर बाण हलेना. मी त्या चौकटीवर बोट घासते घासते, बाण जागचा ढिम्म. तेवढ्यात मला दिसलं, वरच्या ओळीतल्या बटणांच्या फटींत कुंकू भरलं होतं. एका बटणावर तर लाल ठिपका तसाच होता.

माझ्या मुलाखतीसाठी आईनं कांडपातून सुट्टी घेतली होती, ती ओट्याशी काकडी चोचवत होती. मी जाऊन तिचा खांदा धरला, जरा जोरातच.

"लॅपटॉप कुणी पुसला?"

"मीच की," ती म्हणाली. "सकाळी पूजा हलवली नव्हं का. कुकू वाळून गेलं व्हतं. वल्या फडक्यानं पुसलं."

"बटणं दाबली?"

"दाबून पुसल्याबिगर निघंना मंग. एकेक दाबून दाबून काढलं." ती अजून कौतुकाच्याच सुरात होती. "चांगलं नाय निघालं का?"

आता मला ठाऊक आहे काय झालं होतं. त्या वरच्या ओळीत प्रत्येक चित्रामागं एक एक अवयव असतो. हे दाबलं की पडद्याचा उजेड जातो, हे दाबलं की बोटानं बाण हलायचा बंद, हे दाबलं की आवाज मुका. परत दाबलं की परत चालू. आणि चालू-बंद होताना ते यंत्र दरवेळी टिंग असं वाजतं, माणसाला कळावं म्हणून. आईनं सकाळी त्यांतले कितीतरी अवयव एकामागून एक, मन लावून, पुसत पुसत बंद केले होते. ती टिंग तेवढी मी आधी लॅपटॉप हाताळताना ऐकली होती, बाकी त्या वेळी मला एवढंच कळलं की माझी मुंबई गेली.

"अगं, टिंग टिंग वाजतं ना ते दाबलं की!" मी तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करत म्हटलं. "घरात कुणालाही ऐकू आलं असतं. तुला कसं येणार? बहिरी तू!"

हे मी तिला सावकाश म्हटलं. ओठ नीट हलवून, समजावं म्हणून. घाईत तोंडातून निसटलं असतं तर आज स्वतःची समजूत घालता आली असती. पण आमच्या घरात घाईत कुणाला काही बोलताच येत नव्हतं. आईनं माझ्या ओठांकडं बघितलं, पुरतं वाचलं, काकडी ताटलीत ठेवली आणि हात पुसले.

मी परत टेबलाशी आले. आता रागानं हात चालत होते. वरची ओळ आठवून सूर्याचं बटण चार-सहा वेळा दाबलं तर पडदा उजळला. बोटाचं चित्र होतं ते दाबलं, टिंग, बाण हलायला लागला. जीव भांड्यात पडला. तो लाल ठिपका तेवढा दिसत होता. "एवढंसुद्धा नीट पुसलं नाही," असं पुटपुटत मी तो नखानं खरवडला. निघेना. म्हटलं राहू दे कुंकू, आणि तेवढ्यात पलीकडून बोलावणं आलं.

पडद्यावर तिघं जण दिसली. दोन पुरुष आणि मधे चष्मेवाल्या, पिकल्या केसांच्या बाई. बाई म्हणाल्या, "नमस्कार. नाव सांगा." मी नाव सांगितलं. बाईंनी कानाशी हात नेला. "आवाज येत नाहीये." मी मोठ्यानं सांगितलं. त्यांनी परत कानाशी हात नेला. मी ओरडले. खालच्या मुसळांचा धडधडाट, त्यावर माझं ओरडणं, आणि पलीकडं तिघंही नुसती माझ्या तोंडाकडं बघताहेत. मला त्यांचं सगळं ऐकू येत होतं, त्यांना माझं काहीच नाही. डावीकडचे गृहस्थ घड्याळ बघून म्हणाले, "यांचं राहू द्या, पुढच्या उमेदवाराला घेऊ. वेळ उरला तर बघू." वेळ उरत नसतो हे मला अठराव्या वर्षीही कळत होतं.

मी वर बघितलं. लॅपटॉपच्या पलीकडं, दाराच्या चौकटीत आई उभी होती. तिला पडदा दिसत नव्हता, माझा चेहरा तेवढा दिसत होता. कुणीतरी तेच तेच ओरडतंय, डोळे मोठे करतंय, गळ्याच्या शिरा ताणतंय, असले चेहरे ती रोज बघत होती. ती वळली आणि जिना उतरून गेली. मला वाटलं, रागावून गेली. जाऊ दे, मी मनात म्हटलं. खरं सांगते, तेव्हाही माझ्या मनात राग होता.

अर्ध्या मिनिटात ती धापा टाकत वर आली. हातात कांडपातली पाटी, दोऱ्याला खडू. पदरानं पाटी पुसली आणि कुणाही गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची तशी माझ्या हातात दिली. "लिव्ह," म्हणाली.

मी लिहिलं, "कृपया थांबा. मला तुमचं ऐकू येतंय." आणि पाटी पडद्यासमोर धरली. डावीकडचे गृहस्थ खुर्चीत पुढं सरकले. बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. "बरं," त्या म्हणाल्या, "मग असंच घेऊ. हाच अभ्यासक्रम का हवाय?" या प्रश्नाचं उत्तर मी आठ दिवस पाठ केलं होतं, चांगलं दीड पानी, त्यात समाजसेवा होती, देश होता. पाटीवर दीड पान मावत नाही. मी लिहिलं, "माझ्या आईला ऐकू येत नाही. ही पाटी तिची आहे." अक्षर तिरकं गेलं. पाटी धरून मी तशीच बसले. त्या तिघांनी वाचलं. माझ्यासमोर उभ्या आईला पाटीची मागची बाजू दिसत होती.

मग बाई पुढं वाकून म्हणाल्या, "कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या ओळीत बघा. माइकचं चित्र असलेलं बटण आहे? त्यावर लाल दिवा लागलाय का?"

मी बघितलं. मी ज्याला नखानं खरवडलं होतं ते कुंकू नव्हतंच. तो दिवा होता. मी बोट ठेवून दाबलं, टिंग, लाल ठिपका गेला.

"नमस्कार," मी म्हटलं. एवढंच म्हटलं आणि मला हुंदका आला. तो मात्र मुंबईपर्यंत स्वच्छ ऐकू गेला.

बाईंनी मला पाणी प्यायला लावलं, पंधरा मिनिटं प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाल्या, "आईंना बोलवा बघू." मी आईला ओढून शेजारी बसवलं. बाईंनी विचारलं, "मुलीला एवढ्या लांब पाठवाल ना?" आईनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं तोंड केलं आणि प्रश्न सावकाश सांगितला. त्याच तोंडानं, ज्यानं अर्ध्या तासापूर्वी ते दुसरं सांगितलं होतं. आईनं पडद्यातल्या बाईंना हात जोडले आणि म्हणाली, "पाठवायची म्हणूनच तर त्याची पूजा केली बाई. मला वाटलं देव हायेत तितं. माझ्यानं बंद पडलं. पोरीचा काय दोष न्हाई, तिला नापास करू नका."

मला जागा मिळाली. आठ दिवसांनी पत्र आलं, अण्णांनी गल्लीत पेढे वाटले, चाचीनं नान-खलिया करून अण्णांना आणि मला जेवायला बोलावलं आणि आईसाठी शिरखुर्मा वर पाठवला, कारण गुरुवारी ती मटण खात नसे. सगळं झालं. मी आईची माफी तेवढी मागितली नाही. म्हणजे रोज मागणार होते. खांद्याला हात लावायचा, ती वळायची, "काय गं?" म्हणायची, आणि मी म्हणायचे, "भूक लागली." पुढच्या दसऱ्याला हॉस्टेलवरून घरी आले तर पाटावर सगळी हत्यारं होती, लॅपटॉप नव्हता. मी तो आणून मधोमध ठेवला, उघडला. आईनं हळूच तो मिटवला आणि झाकणावर एका कोपऱ्यात, करंगळीनं, टिकलीएवढं कुंकू लावलं. "आत नको," म्हणाली. "नाजूक असतं." दर वर्षी तसंच. मी किती वेळा सांगितलं, आई, काही होत नाही, परत दाबलं की परत चालू होतं. ती म्हणायची, "व्हय व्हय," आणि करंगळीच लावायची.

शिक्षण संपलं, नोकरी लागली आणि पहिलं काम मी काय केलं असेल, तर आईचे कान तपासले, साचा घेतला आणि यंत्रं बसवली. आता हे माझं रोजचंच काम आहे, दिवसाला पाच-सहा जणांना बसवते, पण त्या दिवशी माझीच बोटं चालेनात. आईला पहिले काही दिवस यंत्रं आवडली नाहीत. सगळीकडून नुसता खडखडाट येतो म्हणायची. "हे बंद कुठनं व्हतं?" हा तिचा पहिला प्रश्न. बटण दाखवलं तर आत्या बोलायला लागली की ती गुपचूप कानाशी हात न्यायची आणि बंद करून हसत मान हलवत बसायची. अण्णांना ते कळलं तेव्हा ते म्हणाले, "माझ्या वक्ताला बी बंद करतीस का काय?" ती म्हणाली, "कधी कधी."

नंतर एका सुट्टीत घरी आले होते तेव्हा, दुपारची जेवणं झाल्यावर, मी टेबलाशी लॅपटॉपवर काम करत होते. आई माझ्याकडं पाठ करून खाली मेथी निवडत बसली होती. मला कुणाशी तरी बोलायचं होतं म्हणून मी माइकचं बटण दाबलं.

टिंग.

आईचा हात मेथीत थांबला. तिनं मान वळवली. मी खांद्याला हात न लावता ती पहिल्यांदा माझ्याकडं वळली होती.

"काय वाजलं गं?"

"हे," मी म्हटलं. "हे बटण."

"पुन्हा वाजीव."

मी वाजवलं. ती मेथीची जुडी तशीच टाकून उठली, माझ्याजवळ आली, टेबलाला धरून उभी राहिली. "पुन्हा," म्हणाली. मी परत दाबलं. तिनं डोळे मिटून ऐकलं.

"त्या दिवशी हेच वाजलं व्हतं?"

इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती. मला वाटलं होतं विसरली. मी मान हलवली.

"एवढुसं?" आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "आगं, केवढं बारीक हाय हे! मला आपलं वाटायचं, लई मोठ्यानं वाजलं आसंल."